कोरड्या हद्दी आणि प्रवाशाचा मुक्काम

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या ज्या रस्त्याला जुनी माणसे अद्यापि ‘सात नंबर’ म्हणतात आणि ज्याचा सरकारी क्रमांक आता ४४ झाला आहे, त्या रस्त्याने जो प्रवासी टिपेश्वरच्या वाघांच्या ओढीने दक्षिणेकडे निघतो, तो बुटीबोरी मागे पडल्यावर थोड्याच वेळात वर्धा जिल्ह्यात शिरतो. जाम, हिंगणघाट, वडनेर ही गावे ओलांडीपर्यंत त्याला मद्यविक्रीची एकही रीतसर पाटी आढळत नाही. आणि वर्धा नदीचा पूल उतरून त्याची गाडी वडकीच्या अंगाला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीत आली की अबकारी खात्याचा परवाना भिंतीवर लावून उजळ माथ्याने चालणारी दुकाने त्याच्या दृष्टीस पडू लागतात. नदीच्या दोन्ही तीरांवर तीच काळी कपाशीची जमीन, तीच वऱ्हाडी बोली आणि राज्याचा कायदाही तोच. परंतु एका तीरावर विक्री हा गुन्हा आणि दुसऱ्या तीरावर तीच विक्री हा महसूल, अशी ही व्यवस्था सुमारे अर्धशतक अव्याहत चालू आहे.

यवतमाळ जिल्हाही वर्ध्याप्रमाणे कोरडा करावा अशी मागणी येथील स्त्रियांनी वेळोवेळी केली आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आल्यावर ‘स्वामिनी’ या नावाने जी चळवळ यवतमाळात उभी राहिली तिने ही मागणी गावोगाव पोहोचविली, मोर्चे काढले, ग्रामसभांचे ठराव घेतले. अशी मागणी उठली की तिच्या विरोधात जे आक्षेप पुढे येतात त्यांत महसुलाचा आक्षेप पहिला, चोरट्या धंद्याचा दुसरा आणि पर्यटनाचा तिसरा असतो. पहिल्या दोहोंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसरा मात्र बहुधा एका वाक्यात उच्चारला जातो आणि ऐकणाराही तो तितक्याच सहजतेने स्वीकारतो किंवा झिडकारतो. दारू बंद झाली तर प्रवासी येईनासे होतात काय, येत असले तर त्यांच्या सुट्टीची आखणी बदलते काय, आणि बदलत असेल तर त्याचा तोटा कोणाला व लाभ कोणाला, हे प्रश्न एका वाक्यात उरकण्यासारखे नाहीत.

आरंभी कायद्याचा थोडा पूर्वेतिहास ध्यानात घेतला पाहिजे, कारण त्याची गुंतागुंत बाहेरून आलेल्या प्रवाशाला तर सोडाच, पण येथील पुष्कळ रहिवाशांनाही ठाऊक नसते. आजचा यवतमाळ जिल्हा ब्रिटिश अंमलात आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. त्या काळी मोहाच्या दारूचे मक्ते लिलावाने देणे हा सरकारी जमाखर्चाचा एक नित्याचा भाग होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा अधिनियम केला. विदर्भ १९५६ साली त्या राज्यात आला आणि त्यानंतर हा कायदा इकडेही लागू झाला. पुढे ज्यांच्या कारकिर्दीत ही सर्वंकष बंदी क्रमाक्रमाने सैल होत गेली ते मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील पुसदचे, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे. बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. अद्यापिही महाराष्ट्रात मद्य प्राशन करणाऱ्याजवळ एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव परवाना असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. बिअर आणि वाईन यांसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे ही वयाची अट आहे. आणि एखाद्या वॉर्डातील वा गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’च्या चिन्हावर मत दिले तर तेथील दुकान बंद करण्याची तजवीजही आहे. तात्पर्य, महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्हा कागदोपत्री दारूबंदीच्याच कायद्याखाली नांदतो. काही जिल्ह्यांत तो कायदा विक्रीचे परवाने देतो, काही जिल्ह्यांत देत नाही, इतकाच भेद.

परवाने न देणाऱ्या जिल्ह्यांत वर्धा पहिला. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तेथे दारूची दुकाने असू नयेत ही भावना सत्तरच्या दशकाच्या मध्यास निर्णयात उतरली. गडचिरोलीत आदिवासी भागातील दीर्घ लोकआंदोलनानंतर १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ने चालविलेल्या चळवळीतून, चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत चालत गेलेल्या हजारो स्त्रियांच्या आग्रहातून, १ एप्रिल २०१५ रोजी बंदीचा अंमल सुरू झाला आणि सहा वर्षांनी, निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर, २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविली. विदर्भाच्या या पूर्व पट्ट्यात, एकमेकांना लागून असलेल्या मुलखात, गेल्या अर्धशतकात सदैव कोरडा, काही काळ कोरडा आणि कधीही कोरडा न झालेला असे तिन्ही प्रकारचे जिल्हे सापडतात. आणि यांतील वर्धा, चंद्रपूर व यवतमाळ या तिहींत प्रत्येकी एक व्याघ्रवन आहे. पर्यटनाच्या प्रश्नाची परीक्षा घेण्यास याहून सोयीचे क्षेत्र भारतात क्वचितच मिळेल.

तत्पूर्वी यवतमाळला येतो कोण, हे पाहावे लागते. या जिल्ह्याला कोणी सहलीचा जिल्हा म्हणून ओळखत नाही. वर्तमानपत्रांतून त्याचे नाव येते ते कापसाच्या भावासाठी किंवा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. तरीही येथे माणसे येतात. कळंबच्या चिंतामणीला, जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते त्या गणपतीला, विदर्भातील अष्टविनायकांची यात्रा करणारे येतात. केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात गर्दी लोटते. धामणगाव देव येथे मुंगसाजी महाराजांचे भक्त येतात. वणीचे रंगनाथस्वामी, घाटंजीची मारोती महाराजांची यात्रा, यांचा आपापला परिवार आहे. आणि वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीला जाणाऱ्या बंजारा समाजाचे जथे दिग्रस-पुसदच्या वाटांनी जातात. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे, तेथे पावसाळ्यात मराठवाड्याकडूनही लोक येतात. ही सारी यात्रेकरू मंडळी दिवसा येतात, दिवसाच परततात, किंवा भक्तनिवासात रात्र काढतात. यांच्या हिशेबात दारू असलीच तर ती अडचण म्हणून असते, सोय म्हणून नव्हे. ज्या कुटुंबात सासू, सून आणि शाळकरी मुले एका गाडीत बसून देवाला निघाली आहेत त्यांना देवळाच्या वळणावरची भट्टी नकोशीच वाटते. दारूबंदीने या वर्गातील एक माणूसही कमी होण्याचा संभव नाही, हे विरोधकांनाही मान्य व्हावे.

दुसरा वर्ग टिपेश्वरचा. पांढरकवडा आणि घाटंजी यांच्या मधले हे अभयारण्य केवळ १४८ चौरस किलोमीटरांचे आहे, पण वाघांची दाटी इतकी की त्यांतले तरुण वाघ बाहेर पडून दूरच्या मुलखात जागा शोधीत फिरतात. २०१९ साली येथून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक भ्रमण करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला आणि त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यामुळे जगभर प्रसिद्धी पावला. त्याआधी वर्षभर, राळेगावच्या बाजूला माणसांच्या मृत्यूंसाठी जबाबदार धरलेल्या आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घातलेल्या ‘अवनी’ या वाघिणीने पांढरकवड्याचे नाव सर्वतोमुखी केले होते. (प्रसिद्धीचा हा मार्ग कोणाही गावाने पत्करावा असा नव्हे; पण पर्यटन-व्यवसायाला तिचे मूळ विचारण्याची सवय नसते.) आता सुन्ना आणि माथनी या प्रवेशद्वारांशी पहाटे जिप्सी गाड्यांची रांग लागते, त्यांत नागपूरकर असतात तसेच, महामार्ग सरळ असल्यामुळे, हैदराबादहून आलेली कुटुंबेही लक्षणीय असतात. अभयारण्याच्या आत मद्याला मुळातच मज्जाव आहे. प्रश्न आहे तो सायंकाळची सफारी संपल्यावर दुसऱ्या पहाटेपर्यंतच्या दहा-बारा तासांचा.

तिसरा वर्ग पर्यटकांच्या गणतीत कधी येत नाही, पण जिल्ह्यातील लॉजेस त्याच्यावरच चालतात. वणीच्या कोळसाखाणींच्या कामाने आलेले कंत्राटदार आणि यंत्रांचे कारागीर, बी-बियाणे व औषधांच्या कंपन्यांचे प्रतिनिधी, तपासणीस आलेले अधिकारी, लग्नाची वऱ्हाडे, कापसाचे व्यापारी, आणि महामार्गावरून जाताना रात्र झाली म्हणून थांबलेले. यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा या गावांतील सर्वसाधारण लॉजची रचना ज्याने पाहिली आहे त्याला हे अर्थशास्त्र सांगावे लागत नाही: तळमजल्यावर बार अँड रेस्टॉरंट, वरती खोल्या, खोलीचे भाडे जेमतेम वीज, कपडे धुणे आणि नोकरांचा पगार भागविते, स्वयंपाकघर रात्री अकरापर्यंत पेटते ठेवण्याचा खर्च खाली विकल्या जाणाऱ्या बाटलीतून निघतो. बार बंद झाला की स्वयंपाकघराची वेळ आटते, स्वयंपाकघर आटले की खोल्यांचा दर्जा उतरतो, आणि मग ज्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही अशा प्रवाशालाही रात्री दहा वाजता गरम जेवण मिळेनासे होते. पर्यटनावरील परिणामांची जी खरी साखळी आहे ती ही. ‘पर्यटकांना दारू लागते’ या सोप्या विधानाहून ती वेगळी आहे आणि अधिक गंभीरही आहे.

या साखळीची एक अल्पकाळची प्रचीती सबंध देशाने घेतली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरांच्या आत मद्यविक्री बंद करण्याचा हुकूम दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला. आदल्या दिवशी न्यायालयाने वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर दोनशे वीस मीटरांवर आणले, पण त्याचबरोबर हॉटेले आणि बारही या हुकुमाच्या कक्षेत असल्याचे स्पष्ट केले. पुढे पालिकांच्या हद्दीतील रस्त्यांना आणि त्यानंतर ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांनाही सवलतीची वाट मोकळी झाली. हुकुमाचा हेतू अपघात कमी करण्याचा होता आणि तो सर्वथा योग्य होता. परंतु त्यानिमित्ताने एक गोष्ट दिसून आली: महामार्गाच्या कडेची बहुसंख्य विश्रांतिस्थाने मद्याच्या टेकूवर उभी होती आणि तो टेकू काढताच, प्रवासी रस्त्यावर पूर्वीइतकेच असूनही, ती डळमळू लागली. ज्या देशात वाटसरूसाठी धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म मानले गेले तेथे रात्रीच्या आसऱ्याचा खर्च मद्यपींच्या खिशातून निघावा, ही स्थिती भूषणावह म्हणता येत नाही. पण ती आहे, आणि बंदीचा विचार करणाऱ्याने ती गृहीत धरली पाहिजे.

आता तिन्ही वनांकडे वळू. वर्धा जिल्ह्यातील बोर हे २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले. आकाराने देशातील सर्वांत लहान प्रकल्पांत त्याची गणना होते. नागपूरपासून ते फार दूर नाही, जिल्हा कोरडा आहे, आणि तेथील पर्यटन मर्यादितच राहिले आहे. एवढ्यावर थांबणारा मनुष्य म्हणेल की पाहा, दारू नाही म्हणून लोक जात नाहीत. परंतु नागपूरकरांना तितक्याच अंतरावर पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला ही वने उपलब्ध आहेत, बोरचे क्षेत्र लहान आहे, वाघ थोडे आहेत आणि वाघ दिसण्याची शाश्वती नसेल तर भारतीय पर्यटक, मद्यपी असो वा निर्व्यसनी, पहाटे चारला उठत नाही. शेजारच्या ताडोब्याचा दाखला याच्या अगदी उलट आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी या सर्व प्रवेशद्वारांभोवतीची निवासस्थाने चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे २०१५ ते २०२१ या काळात कोरड्या हद्दीत होती. त्या वर्षांत ताडोब्याची कीर्ती ओसरली नाही. ‘माया’ वाघीण आणि ‘मटकासूर’ वाघ यांची छायाचित्रे देशभर फिरली ती याच काळात, उन्हाळ्यातील सफारीचे आरक्षण मिळविणे दुरापास्तच राहिले, आणि पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार एकाच खेपेत आठ-आठ सफाऱ्या करीत राहिले. ज्या खोलीचे एका रात्रीचे भाडे यवतमाळच्या लॉजच्या महिन्याच्या भाड्याशी स्पर्धा करते त्या खोलीतील प्रवाशाने वाघासाठी मद्यावाचून दोन रात्री काढल्या, किंवा नागपूरहून निघतानाच गाडीत बाटली लपविली. दोन्ही प्रकार घडले, आणि दुसऱ्या प्रकाराची साक्ष पोलिसांच्या जप्तीच्या वार्तांनी वेळोवेळी दिली आहे. पण येणे मात्र त्याने टाळले नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बंदी उठल्यावर ताडोब्याला जी गर्दी झाली ती बंदी उठल्यामुळे झाली असे मानण्याचा मोह होतो. परंतु मार्च २०२० पासून करोनाच्या टाळेबंदीने वने वेळोवेळी बंद राहिली होती, आणि २०२१ च्या उत्तरार्धात घराबाहेर पडण्यास आसुसलेला मध्यमवर्ग देशातील प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणी आणि प्रत्येक जंगलात एकदमच धावला. ज्या दोन कारणांचा काल एकच आहे त्यांतील आपल्याला हवे ते एक उचलून त्याच्या माथी सारे श्रेय मारणे हे वकिलाचे काम झाले, आढाव्याचे नव्हे.

चंद्रपूरच्या बंदीचा परिणाम खरोखर कोठे दिसला असेल तर तो ताडोब्यात नव्हे, वर्धा नदीच्या अलीकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील वणीत. घुग्घूस, भद्रावती, वरोरा ही औद्योगिक गावे नदीपलीकडे, वणी अलीकडे, मध्ये पूल. त्या सहा वर्षांत सायंकाळी पूल ओलांडून वणीकडे येणाऱ्या दुचाक्यांची रहदारी हा त्या परिसरातील सर्वश्रुत विषय होता. ही माणसे पर्यटक नव्हेत, पण त्यांनी जे केले तेच पर्यटकही करतो: दिवस जेथे काम असेल तेथे, रात्र जेथे मुभा असेल तेथे. माझ्या मते या सबंध प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. जिल्ह्यापुरती दारूबंदी प्रवाशाचे गंतव्य बदलीत नाही, ती त्याचा मुक्काम बदलते. आणि प्रवासी पैसा खर्च करतो तो मुख्यतः मुक्कामाच्या ठिकाणी. वाघ पाहण्याचे शुल्क, जिप्सीचे भाडे आणि वाटाड्याची बिदागी वनाच्या दारात पडते. खोली, जेवण, चहा, गाडीचे तेल आणि मुलांची खेळणी यांचा पैसा रात्र जेथे होते त्या गावात पडतो.

याच्या जोडीला आणखी एक परिणाम आहे, ज्याकडे पर्यटनतज्ज्ञांचे लक्ष क्वचितच जाते. बंदीमुळे बाहेरचा माणूस आत येण्याचे थांबत नाही, पण आतला माणूस सुट्टीसाठी बाहेर जाऊ लागतो. गुजरात याचे ठळक उदाहरण. १९६० साली राज्य झाले तेव्हापासून ते कोरडे आहे. बाहेरच्या प्रवाशाला तेथे तात्पुरता परवाना मिळतो. आणि सोमनाथ, गीर, कच्छचे रण, २०१८ नंतर सरदारांचा पुतळा, यांना येणाऱ्यांची संख्या मद्याच्या अभावी खुंटली आहे असे कोणी म्हणत नाही. परंतु शनिवारी-रविवारी दमण, दीव आणि राजस्थानातील माउंट अबू येथे अमदाबाद-सुरतेच्या गाड्यांची जी रीघ लागते तीत बंदीचा वाटा उघड आहे. शेजाऱ्याच्या पर्यटनाला असे अनुदान देणारे दुसरे राज्य नसावे. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत मर्यादित मोकळीक देण्यात आली, तीही पर्यटकांसाठी नव्हे तर परदेशी भांडवलाचे व्यवहार पाहणाऱ्या नोकरदारांसाठी आणि त्यांच्या अभ्यागतांसाठी.

बिहारने एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण बंदी केली तेव्हा बोधगयेचे परदेशी यात्रेकरू आटतील अशी भीती व्यक्त झाली होती. २०१५ साली बिहारला आलेल्या परदेशी प्रवाशांची सरकारी संख्या सव्वानऊ लाखांच्या आसपास होती; बंदीच्या पहिल्याच वर्षी ती दहा लाखांवर गेली आणि २०१८ पर्यंत पावणेअकरा लाख ओलांडून पुढे सरकली. थायलंड, श्रीलंका, म्यानमार, जपान येथून बोधिवृक्षाखाली बसण्यासाठी येणारा भिक्षू किंवा उपासक पंचशील घेऊनच येतो. त्याला सुरापानाची बंदी सरकारने शिकवावी लागत नाही. पाटण्यातील मोठी हॉटेले, परिषदा आणि लग्नसमारंभ यांचे दुःख मात्र खरे होते. ते समारंभ रांचीला किंवा बनारसला नेणे कोणालाही अशक्य नव्हते.

केरळचा अनुभव याहून बारीक आहे. २०१४ साली तेथील सरकारने पंचतारांकित वगळता बाकी सारे बार बंद करण्याचे आणि दहा वर्षांत पूर्ण बंदीकडे जाण्याचे धोरण आखले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ अखेरीस ते ग्राह्य धरले. परदेशी प्रवासी २०१४ साली सव्वानऊ लाखांच्या घरात होते ते २०१६ साली दहा लाखांच्या वर गेले. म्हणजे संख्या घटली नाही. तरीही २०१७ साली नव्या सरकारने पर्यटनाचा हवाला देऊनच ते धोरण बदलले, कारण हॉटेलव्यवसायाची तक्रार अशी होती की एकेकटा प्रवासी येतो, पण परिषदा, कंपन्यांचे मेळावे आणि मोठ्या सहली कोलंबोकडे वळतात. या तक्रारीत तथ्य असावे. समूहाने सुट्टी ठरविली जाते तेव्हा निर्णय सर्वांत आग्रही सभासदाच्या मनाप्रमाणे होतो; वीस जणांच्या गटात मद्याचा आग्रह धरणारे चौघे असले तरी जागा त्या चौघांच्या सोयीची निवडली जाते, आणि उरलेले सोळा जण कुरकुर न करता मागून जातात. म्हणून व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या सहलीवर बंदीचा परिणाम नगण्य, आणि गटांच्या सहलीवर मोठा, असे दिसते.

या अनुभवांच्या प्रकाशात मध्य प्रदेशाने एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, ओरछा, मैहर इत्यादी तीर्थक्षेत्रांच्या हद्दीत दुकाने बंद केली, हा निर्णय पर्यटनाच्या दृष्टीने फारसा धाडसी म्हणता येणार नाही. जेथे दर्शनार्थीच बहुसंख्य तेथे बंदी ही त्यांच्या पसंतीचीच गोष्ट आहे. गंमत अशी की त्याच राज्याने मोहाच्या दारूला परंपरागत मद्याचा दर्जा देऊन आदिवासी बचतगटांमार्फत ती बाटलीबंद करण्याचे धोरणही अंगीकारले. मालदीवसारखी राष्ट्रे वस्तीच्या बेटांवर बंदी आणि पर्यटकांच्या बेटांवर मुभा अशी वाटणी करतात, आपल्या लक्षद्वीपातही बंगारम बेटापुरती तशी सवलत आहे; पण बेटांना समुद्राची हद्द असते. पांढरकवड्याच्या भोवती समुद्र नाही. सुन्न्याच्या द्वाराजवळील चार निवासस्थानांना मुभा आणि त्यांच्या कुंपणाबाहेरच्या गावाला बंदी अशी तडजोड कोणी सुचविली तर ज्या स्त्रियांनी या मागणीसाठी उन्हातान्हात मोर्चे काढले त्या तिला न्याय म्हणणार नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पैसेवाल्याचा पेला सुरक्षित ठेवून मजुराचा पेला फोडणारी बंदी ही दारूबंदी नव्हे, दर्जाबंदी होय.

त्या स्त्रियांचे म्हणणे पर्यटनाच्या चर्चेत कोणी विचारीत नाही, ही या चर्चेची मोठी उणीव आहे. टिपेश्वरच्या काठच्या गावांतून आणि कोलाम आदिवासींच्या पोडांतून जे तरुण वाटाडे आणि जिप्सीचालक म्हणून कामाला लागले त्यांच्या हाती पूर्वी कधी नव्हता असा रोजचा रोख पैसा येऊ लागला आहे. हा पैसा घरापर्यंत पोहोचतो की वाटेतल्या देशीच्या दुकानात थांबतो, यावर पर्यटनाने गावाचे कल्याण झाले की नाही हे ठरेल. हैदराबादहून आलेल्या पाहुण्याला रात्री बिअर मिळाली की नाही यावर नव्हे. शिवाय पाहुण्यांतही आता एकट्या-दुकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रिया आहेत, शाळा-महाविद्यालयांच्या मुलींच्या सहली आहेत. लॉजच्या जिन्यात बारमधून वर येणाऱ्या अनोळखी माणसांशी गाठ पडू नये ही त्यांची अपेक्षा जागा निवडताना मोठे काम करते. बंदीमुळे न येणारे मोजावयाचे असतील तर बारमुळे न येणाऱ्या या प्रवाशांनाही मोजले पाहिजे.

यावरून यवतमाळ कोरडा झाल्यास काय घडेल याचा अंदाज बांधता येतो. जिल्ह्याला अमरावती, वर्धा, चंद्रपूर, नांदेड, हिंगोली, वाशिम हे जिल्हे आणि दक्षिणेस पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा अशा हद्दी आहेत. यांतला एकटा वर्धा कोरडा. बंदी आल्यास महामार्गावर बुटीबोरीपासून पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेच्या पुलापर्यंत एक सलग कोरडा पट्टा तयार होईल. टिपेश्वरला येणारे कुटुंब येतच राहील. हैदराबादकडच्या मित्रमंडळींचा गट, जो आज पांढरकवड्यात रात्र काढतो, तो आदिलाबादेत मुक्काम करून पहाटे तासाभराची वाट काटून सफारीला येईल. नागपूरकडचा गट एका दिवसात येऊन-जाऊन करील. यवतमाळ शहरातील आणि वणीतील लॉजमालकांचे नुकसान प्रत्यक्ष आणि तत्काळ असेल. कळंब, केळापूर, धामणगाव देव यांना काहीच झळ पोहोचणार नाही. २०२४ पासून वर्धा ते कळंब रेल्वे धावू लागली आहे आणि हा मार्ग यवतमाळवरून नांदेडकडे जावयाचा आहे. पवनारपासून निघून यवतमाळमार्गे गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत जाणारा सुमारे आठशे किलोमीटरांचा शक्तिपीठ महामार्गही नियोजित आहे. म्हणजे ज्या महामार्गाचा आरंभ विनोबांच्या आश्रमाशेजारी आणि शेवट गोव्याच्या वेशीवर, त्यावरून धावणाऱ्या प्रवाशाला मधल्या एका जिल्ह्यातील बंदी तासा-दोन तासांची वाटेल. मुक्काम पुढे ढकलणे त्याला आजच्यापेक्षाही सोपे जाईल.

म्हणून बंदीच्या समर्थकांनी पर्यटनाचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये आणि विरोधकांनी त्याचा बागुलबुवा करू नये. यवतमाळच्या एकंदर अर्थव्यवहारात पर्यटनाचा भाग अजून इतका लहान आहे की केवळ त्यापायी बंदी नाकारणे अप्रामाणिक ठरेल. पण जे थोडे पर्यटन उभे राहत आहे त्याच्या पायात धोंडा पडू नये यासाठी रात्रीचे स्वयंपाकघर बाटलीवाचून चालविण्याची व्यवस्था, उदाहरणार्थ बचतगटांची भोजनालये, महामंडळाची वा वनखात्याची माफक दरातील निवासस्थाने, ही बंदीच्या हुकुमाआधी उभी करावी लागेल, नंतर नव्हे. चंद्रपुरात हुकूम आधी निघाला आणि व्यवस्थेचा विचार मागाहून आला.

आणि हा वाद अनुमानांवर चालविण्याचे कारणही नाही. प्रत्येक लॉजमध्ये मुक्कामाची नोंदवही असते. आलेल्या प्रत्येकाचे गाव, येण्याचे कारण, आगमनाची व निर्गमनाची वेळ तीत लिहावी लागते. चंद्रपूर, मोहर्ली आणि वणी येथील २०१३ ते २०१९ या सात वर्षांच्या अशा वह्या, नावे झाकून, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतील दोन कारकुनांनी एक पावसाळा बसून मांडल्या तर बंदीपूर्वी आणि बंदीनंतर कोणत्या गावचा प्रवासी किती रात्री कोठे राहिला हे पांढऱ्यावर काळे होईल. करोनाचे वर्ष त्यात येत नसल्याने हिशेब गढूळही होणार नाही. वणीच्या वह्या यवतमाळच्याच हद्दीत आहेत, तेव्हा आरंभ तेथून करावयास कोणाच्या परवानगीसाठी नदी ओलांडावी लागणार नाही.